हाव म्हनून देऊ ना?

रूपरावांनी सवयीप्रमाणे अंगठा जिभेला लावला, तसा आचलने त्यांचा हात वरच्या वर पकडला.

"बाबा, थुंकी नाई लावायची. कोरड्या हातानं पलटवा."

"मंग पान सुटन कसं?"

"सगळ्या पानाईचे कोपरे दुमडून ठेवले मी. तेवढाच कोपरा धरायचा. मी मान हलवली की पलटवायचं. आधी भी नाई, मंग भी नाई."

"आन तू मान हलवायची इसरली तं?"

"नाई इसरत," ती म्हणाली आणि पुन्हा आपले तळवे एकमेकांवर घासायला लागली. थंडी नुकती सुरू झाली होती आणि गार बोटांनी पियानो वाजत नाही, हे तिने घरी इतक्यांदा सांगितलं होतं, की रूपरावांना पियानोबद्दल तेवढंच एक ठाऊक होतं.

खरं तर रूपराव कार्यक्रमाआधी स्टेजमागच्या खोलीत पानं पलटवायला आलेच नव्हते. ते पोरीला एक गोष्ट सांगायला आले होते. सांगायचा धीर होत नव्हता म्हणून दारातच घुटमळत उभे होते, तेवढ्यात चंदन सरांनी त्यांना गाठलं. चंदन सर म्हणजे या संगीत शाळेचं सगळं काही. शिकवणारे तेच, खुर्च्या मांडणारे तेच आणि शाळेत उंदीर झाले तर पिंजरा लावणारेही तेच. आचलची पानं पलटवणारी काजल नावाची मुलगी तापाने फणफणली होती आणि तिचा निरोप आत्ता, ऐन वेळी आला होता.

"काका, तुम्हीच बसा तिच्या शेजारी."

"मी? मले त्यातलं काय समजते सर?"

"समजायचं काहीच नाही. आचलच्या तोंडाकडे बघत बसायचं. तिने मान हलवली की पान. वाजवणारी ती आहे, तुम्ही कशाला घाबरता?"

झालं! सांगायला आलेला माणूस कामाला जुंपला गेला. आणि कबूल करायला हरकत नाही, रूपरावांना मनातून बरंच वाटलं. पोटातली गोष्ट तोंडावर यायची ती तेवढी पुढे ढकलली गेली.

गोष्ट अशी होती. संध्याकाळी ते आणि त्यांची बायको रंभाबाई आंजीहून वर्ध्याला पोचले, तर शाळेच्या फाटकातच बंडूजी उभे. बंडूजी म्हणजे रूपरावांच्या धाकट्या बहिणीचे यजमान, राहणार आष्टीचे. त्यांनीच आचलसाठी आष्टीचं स्थळ आणलं होतं, आणि आज मुलाकडच्यांना मुलीचं वाजवणं ऐकवायला तेच घेऊन आले होते. इथपर्यंत सगळं ठरल्यासारखं होतं. पण बंडूजींनी रूपरावांच्या खांद्यावर हात टाकून त्यांना बाजूला घेतलं.

"रूपरावजी, पाहुने कुंकू घेऊनच आले! म्हंते, पोरगी पसंत हाये, घर पसंत हाये, मंग घडी-घडी खेटे काऊन घाला? कार्यक्रम झाला की इथंच कुंकू लावून टाकू. साक्षगंध मंग आरामात करू."

"आज?" रूपरावांनी विचारलं. "आचलले तं काई सांगितलंच नाई..."

"मंग सांगा ना! चांगलीच गोष्ट हाये, काही वाईट सांगायचं हाये का?"

आता जावयाच्या तोंडावर नाही कसं म्हणायचं? बहीण त्या घरात नांदते. आणि एकदा कुंकू लागलं की मुलगी त्यांची. साक्षगंध म्हणजे साखरपुडा, मग लग्न, हे सगळं नुसतं मांडव आणि जेवणावळ. कुंकू लावून घेऊन मागे फिरलेलं घर आंजीत तरी कोणाला आठवत नव्हतं.

म्हणून ते सांगायला आत आले होते. आणि आता तिथून उठायची सोय उरली नव्हती.

स्टेजच्या पायरीशी त्यांनी चपला काढल्या. वर समई लावलेली होती, चपला घालून कसं जायचं? खाली शाळेच्या हॉलमध्ये प्लॅस्टिकच्या खुर्च्या भरल्या होत्या. मुलांचे आईबाप, कॉलनीतल्या बायका, कॉलेजातली दोन-चार पोरं. पहिल्याच रांगेत बंडूजी. त्यांच्या पलीकडे आष्टीचे वासुदेवराव, त्यांच्या मंडळी मंदाबाई आणि मुलगा वैभव, इस्त्रीच्या शर्टात, गुडघ्यांवर हात ठेवून बसलेला. रांगेच्या टोकाला रंभाबाई. नजरानजर होताच रंभाबाईंनी भुवया उंचावल्या. सांगितलं का?

रूपरावांनी नजर पियानोकडे वळवली. काळा, भिंतीला टेकून ठेवायचा, एका बंद पडलेल्या वसतिगृहातून सरांनी सोडवून आणलेला. या पियानोपाशी आचलला आणून बसवलं ते कोणी? खुद्द रूपरावांनीच. शाळा भाजी बाजाराला लागून. उन्हाळ्याच्या सुटीत पोरगी बापाबरोबर बाजारात यायची, दुपारी उन्हाने लाल व्हायची. ते तिला शाळेच्या ओसरीत सावलीला बसवून जायचे. सर खिडकीतून बघायचे, मग एक दिवस त्यांनी तिला आत बोलावलं. रूपरावांच्या लेखी पुढची कित्येक वर्षं ती सावलीच होती. पोरगी सावलीत आहे, बस्. त्या सावलीत ती काय करते, हे त्यांनी कधी वाकून पाहिलं नव्हतं.

चंदन सर माईकवर बोलले. आजचा मुख्य तुकडा आचल वाजवणार आहे, सोनाटा म्हणतात याला, वगैरे. टाळ्या झाल्या. आचलने स्टूल पुढे ओढलं, हात वर धरले आणि सुरुवात केली.

सुरुवातच अशी जोरात झाली, की रूपराव दचकले. घरी ती चुलीजवळच्या ओट्यावर नुसती बोटं आपटायची, त्यात आवाज नसायचा. या आवाजात एवढी ताकद तिच्या मनगटात कुठून आली, हे त्यांना कळेना. तेवढ्यात तिने मान हलवली. ते अर्धवट उठले, दुमडलेला कोपरा चिमटीत धरला आणि पान उलटलं. जमलं! कोणी हसलं नाही. आचलची बोटं थांबली नाहीत. रूपराव पुन्हा बसले, आणि खोटं कशाला बोला, क्षणभर त्यांची छाती फुगली.

दुसरं पानही जमलं. मग त्यांच्या लक्षात आलं, की उजवीकडची पानं कमी होत चालली आहेत.

ती संपली की खोलीत जायचं. खोलीत जाऊन सांगायचं. सांगून तिला बाहेर आणायचं आणि खाली मान घालून उभं करायचं. म्हणजे इथे बसून आपण आपल्याच हाताने पोरीला कुंकवाकडे ढकलत आहोत, एकेक पान. उठून जावं तर सत्तर माणसं बघताहेत. बसून राहावं तर पान उलटावंच लागतं. तिने मान हलवली, त्यांनी पान उलटलं. पुन्हा हलवली, पुन्हा उलटलं. शर्टाच्या आत घाम उतरत होता आणि तो पुसायलाही हात मोकळा नव्हता.

तसं पाहिलं तर स्थळात खोट काढायला जागा नव्हती. वैभवचं स्वतःचं कृषी केंद्र होतं, संत्र्याची बाग होती, पोरगा सुपारीसुद्धा खात नव्हता. दिवाळीच्या पाडव्यानंतर ही मंडळी आंजीला येऊन गेली तेव्हा मंदाबाई केवढ्या मायेने बोलल्या! "पोरीले वाजवायचा शौक हाये म्हंते ना? आमी पेटी घेऊन देऊ तिले. आमच्या गल्लीत बायकाईचं भजन असते, त्यात वाजवन." आचल पोहे देत होती, तिने बशी मंदाबाईंच्या हातात नीट दिली आणि आत गेली. पेटी वेगळी नि पियानो वेगळा, हे त्या वेळी कोण कोणाला सांगणार? पियानो आष्टीला कुठून येणार, हा प्रश्न तर कोणाच्या डोक्यातही आला नव्हता. आणि नवीन वर्षापासून लहान मुलांचा वर्ग चंदन सर आचलकडे सोपवणार होते. ते तिने एकदा जेवायला वाढताना सांगितलं होतं. सगळ्यांनी ऐकलं आणि वरण मागितलं.

एकदम आवाज थांबला.

बंडूजींनी कडाडून टाळ्या वाजवल्या आणि ते उठलेच. खुर्चीखालची पिशवी त्यांनी वर काढली. मंदाबाईंनीही पिशवीत हात घालून स्टीलचा करंडा बाहेर काढला. रूपरावांनी उरलेल्या पानांकडे पाहिलं. संपलं? एवढ्यात?

"बसा, बसा," चंदन सर बाजूने हसत म्हणाले. "अजून दोन भाग आहेत."

हॉलमध्ये खसखस पिकली. "अजून दोन?" म्हणत बंडूजी बसले, पण मंदाबाईंनी करंडा काही परत पिशवीत ठेवला नाही. तो मांडीवर धरून त्या मन लावून ऐकायच्या तयारीत सरसावून बसल्या. बिचारी बाई! तिच्या मनात काही वाकडं नव्हतं. तीच तर पंचाईत होती. समोरचा माणूस वाईट असता तर रूपरावांना भांडता आलं असतं.

दुसरा भाग संथ होता. एकेक पान संपता संपेना. पानांकडे बघून उपयोग नव्हता, त्यावरच्या काळ्या टिकल्या त्यांना काय सांगणार? म्हणून रूपराव सांगितल्याप्रमाणे आचलच्या तोंडाकडे बघत बसले. पोरगी बावीस वर्षांची झाली, पण तिच्या तोंडाकडे इतका वेळ बघत बसायची पाळी त्यांच्यावर कधी आली नव्हती. नाक अगदी त्यांच्या आईसारखं. डाव्या भुवईत एक जुनी खोक, ती कशाने पडली हे त्यांना आठवेना. खालचा ओठ तिने दाताखाली धरला होता. आणि ती इथे नव्हतीच. हॉल नव्हता, बंडूजी नव्हते, बाप नव्हता. ती कुठेतरी आत होती आणि तिथे तिचं सगळं छान चाललं होतं.

तिने मान हलवली. हनुवटी जराशी खाली, मग वर. नजर भलतीकडेच.

आणि रूपरावांचा हात कोपऱ्यापाशी थबकला. अरे, ही मान तर आपण पाहिली आहे!

आठवडाही झाला नव्हता. अंगणात ते आणि आचल दुसऱ्या दिवशीच्या बाजारासाठी मेथीच्या जुड्या बांधत बसले होते. तिच्या कानात मोबाईलची वायर होती. बंडूजींचा दिवसात दोनदा फोन येऊन गेला होता, आष्टीवाले उत्तर मागताहेत म्हणून. रूपराव म्हणाले होते, "आचल, आष्टीचं ठिकान चांगलं हाये. हाव म्हनून देऊ ना?" आणि आचलने मान हलवली होती. अश्शीच. हनुवटी जराशी खाली, मग वर, नजर मेथीच्याही पलीकडे कुठेतरी. रूपरावांना केवढं हायसं वाटलं होतं! त्यांनी तिथल्या तिथे बंडूजींना फोन लावला होता.

म्हणजे ती मान आपल्यासाठी नव्हतीच. कानात वायर. वायरीत हेच वाजत असणार. पोरीला काही ऐकूच गेलं नव्हतं!

आचलने पुन्हा मान हलवली, या वेळी झटक्याने. रूपराव भानावर येईपर्यंत तिचा डावा हात पियानोवरून उठला, पान उलटलं गेलं आणि हात परत जागेवर आला. मधला एखादा सूर हुकला असेल. चंदन सरांनी डोळे बारीक केले, बाकी कोणाला पत्ताही लागला नाही. रूपरावांना मेल्याहून मेल्यासारखं व्हायला हवं होतं, पण त्यांना तर हसू फुटत होतं. सुटलो रे बाप्पा, सुटलो! गैरसमज झाला, म्हणायचं. पोरीच्या कानात वायर होती, तिने ऐकलंच नाही, मी म्हातारा समजलो की तिने हाव म्हटलं. यात ना पोरीचा दोष, ना आष्टीवाल्यांचा अपमान, ना जावयाचा. लोक फार तर हसतील. हसू द्या. वासुदेवरावही हसतील, समजूतदार माणूस आहे.

तिसरा भाग लागला तो धावतच. रूपरावांना आता उलट घाई झाली होती. आचलची मान हलायच्या आत ते अर्धे उभे राहत. पानं सपासप उलटत होती, करंडा समोर चमकत होता, पण त्याची आता भीती उरली नव्हती. शेवटचे सूर तिने असे दाबले, की समईची ज्योतसुद्धा हलल्यासारखी वाटली. मग टाळ्या. आचल उठून वाकली. तिचं तोंड लाल झालं होतं आणि ती हसत होती. हे हसू रूपरावांनी घरात पाहिलं नव्हतं.

मागच्या खोलीत येताच त्यांनी दार लोटून घेतलं.

"सॉरी बाबा, मी जोरात पलटवलं," ती म्हणाली. "तुमाले झोप लागली होती का?"

"झोप काहाची लागते! आचल, माह्याकडे पाय. मांगं आपन अंगनात मेथी बांधत होतो, मी तुले आष्टीचं बोललो. तू मान हलवली. पन तुह्या कानात वायर होती. तुले आयकू आलंच नाई. बरोबर हाये ना?"

आचलचं हसू मावळलं.

"काय झालं, बाबा?"

मग त्यांनी सांगितलं. एकदाचं तोंडातून बाहेर पडलं, कुंकू, करंडा, सगळंच. "पन तू घाबरू नको. मी सांगतो त्याईले, गलतीनं झालं म्हनतो. पोरीनं आयकलंच नोयतं म्हनतो. मंग कोनाची काई बात राहत नाई."

आचल स्टुलावर बसली. बोटं पुन्हा एकमेकांवर घासायला लागली. आता ती गार नसणार.

"आयकू आलतं मले," ती म्हणाली.

"वायर होती ना कानात!"

"होती. पन मोबाईल केव्हाचाच बंद पडला होता. चार्जिंग संपली होती."

"मंग वायर काढली काऊन नाई?"

"काढली असती तं बोला लागलं असतं."

बाहेर खुर्च्या सरकल्याचे आवाज येत होते. रूपराव भिंतीला टेकले. हाताशी आलेली सुटका अशी डोळ्यांदेखत गेली. राग यायला हवा म्हणून त्यांनी आवाज चढवला.

"अवं, पन मंग नाई म्हनायचं होतं! मी काय जबरदस्ती केली होती? विचारलं तं होतं तुले!"

"तुमी विचारलं नाई, बाबा."

"नाई कसं? माह्या तोंडानं..."

"तुमी म्हनलं, 'हाव म्हनून देऊ ना?' 'ना' म्हनलं तुमी. 'का' नाई म्हनलं." तिचा आवाज चढला नव्हता. "बाजारात तुमीच शिकवलं मले. गिऱ्हाइकाले 'देऊ का' म्हनायचं नाई, ते विचारात पडते. 'देऊ ना ताई' म्हनायचं, म्हंजे ते पिशवी पुढं करते. मी किती वर्सं बसली तुमच्या बाजूले दुकानावर. मले माहीत नाई का, 'ना' कवा म्हनायचा असते? आन फोन तुमच्या हातात होता. नंबर लावूनच ठेवला होता."

लावून ठेवला होता. रूपरावांना आता आठवलं, फोन डाव्या हातात होता आणि मेथीची माती त्याला लागू नये म्हणून त्यांनी हात वर धरला होता. अर्धीअधिक जिंदगी त्यांनी या 'ना'वर भाजी विकली होती. अर्धा किलो टाकू ना, सांबाराची जुडी देऊ ना, आलू भी टाकतो ना. नको म्हणणारं गिऱ्हाईक विरळा. आणि त्यात कोणाचं काय बिघडलं? पावभर वांगी जास्त गेली, तेवढंच.

दारावर थाप पडली.

"रूपरावजी! झालं का? पाहुन्याईले आष्टीले जायाचं हाये अजून!"

"आलो, आलो," रूपराव ओरडले. मग आचलसमोर गेले. बसावं की उभं राहावं हे त्यांना कळेना. असं काही पोरीला विचारताना कसं उभं राहतात, त्यांनी कुठे पाहिलं होतं? त्यांच्या बापाने त्यांच्या बहिणीला विचारलं नव्हतं. रंभाबाईंना तर कोणीच नाही. अखेर ते तसेच, मधोमध, अनवाणी उभे राहिले.

"आचल," ते म्हणाले आणि अडले. शब्द साधे होते, पण जीभ रोजच्या वळणावर जायला बघत होती. "तुले... आष्टीले जायाचं हाये... का?"

शेवटचं अक्षर घोगरं निघालं.

आचलने बोटं घासायची थांबवली. तिने बापाकडे पाहिलं, दाराकडे पाहिलं, आपल्या बोटांकडे पाहिलं. रूपराव वाट बघत होते. नाही म्हणेल, त्यांना वाटलं. म्हण बाई, एकदाचं म्हणून टाक, म्हणजे मी जाऊन शिव्या खाऊन येतो. आणि हाव म्हणाली तर त्याहून सोपं.

"मले नाई माहीत," ती म्हणाली.

"म्हंजे?"

"नाई माहीत म्हंजे नाई माहीत, बाबा! तो पोरगा खराब नाई. त्याची माय भी खराब नाई. मले पियानो सोडायचा नाई, एवढं माहीत हाये. बाकी... मले वाटलंच नोयतं, कोनी विचारन म्हनून. मी विचारच नाई केला कधी. काहाले करू?" तिच्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्या पाण्याचाच तिला राग आला. तिने ते बाहीने पुसून काढलं. "आता करा लागन."

"मंग मी त्याईले काय सांगू?"

"तेच सांगा."

दुसरी थाप पडायच्या आत रूपरावांनी दार उघडलं आणि बाहेर येऊन ते पाठीमागे ओढून घेतलं. हॉल निम्मा रिकामा झाला होता. चंदन सर एकावर एक खुर्च्या रचत होते. पहिली रांग मात्र तशीच बसून होती. मंदाबाईंनी करंड्याचं झाकण काढलं होतं. रंभाबाईंनी नवऱ्याचं तोंड पाहिलं आणि त्या उभ्या राहिल्या.

"बोलवा ना पोरीले," मंदाबाई हसून म्हणाल्या. "लय गोड वाजवलं."

"ते विचार करून राह्यली," रूपराव म्हणाले.

"काहाचा विचार?" बंडूजी उसळलेच.

"आष्टीले यायचं का नाई, याचा."

बंडूजींचा चेहरा लालबुंद झाला. "आता? कुंकू घेऊन बसले लोकं, आन आता विचार? तुमी हाव म्हनून शब्द देल्ला होता, रूपरावजी! मी माह्या तोंडानं सांगितलं याईले. माही काही इज्जत हाये का नाई?"

"हाये जी. शब्द मी देल्ला होता. तिनं नोयता देल्ला." रूपरावांनी हात पाठीमागे धरले. "तिले मी विचारलंच नोयतं. गलती माही हाये. तुमाले काय बोलायचं ते मले बोला."

बंडूजी बोलायला लागलेच होते, पण वासुदेवरावांनी हात वर करून त्यांना थांबवलं. वैभव जमिनीकडे बघत होता. त्याचे कान लाल झाले होते, आणि त्यालाही कोणी कधी विचारलं होतं की नाही, देव जाणे. वासुदेवरावांनी बायकोकडे पाहिलं, बंद दाराकडे पाहिलं, आणि मग रूपरावांकडे. वर्षानुवर्षं शेतीचा व्यवहार केलेला माणूस. उशीर कशाला लागतो आणि किती लागतो, याचा त्यांना अदमास असायचा.

"किती वेळ लागन जी तिले?" त्यांनी विचारलं.

"काय सांगू जी," रूपराव म्हणाले. "आमच्या घरात हे पयल्यांदाच होऊन राह्यलं. अंदाज नाई आमाले."

आणि ते सरांनी रचलेल्या ढिगातली एक खुर्ची ओढून घेऊन पाहुण्यांसमोर बसले.